बोटभर रॅम आणि टेम्पोभर लॉट

इंद्रजित पोतनीसांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की सुलूताई आधी गॅस बंद करत. गॅसचा आणि स्क्रू ड्रायव्हरचा तसा काही संबंध नाही. पण मिक्सर दुरुस्त करताना घरभर जे काही झालं होतं, त्यानंतर कुठल्याही दोन गोष्टींचा संबंध नाही असं त्या छातीठोकपणे म्हणत नसत.

त्या दिवशी डायनिंग टेबलावर जुना कॉम्प्युटर आडवा पडला होता. त्याच्या एका बाजूचा पत्रा काढलेला, आतल्या तारा बाहेर लोंबत होत्या, आणि त्याच्यावर वाकून इंद्रजितराव कपाळाला आठ्या घालून बघत होते. आत नेमकं काय बघायचं हे त्यांना माहीत नव्हतं, पण बघण्याची पद्धत मात्र अगदी सर्जनची होती.

भोरच्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात ते अधीक्षक होते. अधीक्षक माणसाला एखादी गोष्ट येत नाही, असं सहसा होत नाही. फार तर ती गोष्ट नियमात बसत नाही.

या सगळ्याला निमित्त सुलूताईंचं होतं. बालवाडीत आयुष्य गेलेलं, दुसऱ्यांच्या पोरांना गोष्टी वाचून दाखवता दाखवता त्यांचा आवाज असा काही तयार झाला होता की गल्लीतली भांडणंसुद्धा त्या मध्ये बोलल्या की थांबत. पुण्यातली एक संस्था दृष्टिहीनांसाठी पुस्तकं बोलती करून देत असे. घरी बसून वाचायचं, रेकॉर्ड करायचं आणि पाठवून द्यायचं. सुलूताईंनी कुणाला न सांगता अर्ज केला होता, आणि संस्थेनं कळवलं होतं की वाचनाचा एक नमुना शनिवार संध्याकाळपर्यंत पाठवा. कॉम्प्युटरवर, माईक लावून, स्वच्छ आवाजात. मोबाईलवरचं चालणार नाही. मागं कसलाही आवाज नको.

आजवर सुलूताईंकडे लोकांनी विरजण मागितलं होतं, लग्नाला नेण्यासाठी मोठं पातेलं मागितलं होतं. आवाज कुणी पहिल्यांदाच मागत होतं. त्या हरखून गेल्या होत्या.

पण कॉम्प्युटर हरखायला तयार नव्हता. तो चालू करून कुकर लावावा, वरण फोडणीला टाकावं, आणि मग येऊन बघावं तर तो नुकता डोळे किलकिले करत असे. वाचन जरा रंगात आलं की मध्येच गचकन थांबे, आणि शेवटचा शब्द त्याच्या घशात अडकून ‘आणि आणि आणि’ करत राही. एकदा चुकून तो शेवटपर्यंत टिकला. पण तेव्हा शेवटच्या परिच्छेदात मागून इंद्रजितरावांचा खणखणीत आवाज आला होता, “सुलू, माझा चष्मा कुठं गेला गं?” त्याच्या आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांनी नळाला पाणी आल्याचं कळवलं होतं. आणि त्याच्याही आधीच्यात, “एवढ्या मोठ्यानं कोण वाचतंय?” अशी चौकशी केली होती.

“मी सोमनाथरावांचा लॅपटॉप एका दुपारपुरता मागून आणू का?” सुलूताईंनी विचारलं.

इथं इंद्रजितरावांच्या स्वाभिमानाला जो काटा लागला तो नंतर शेवटपर्यंत निघाला नाही. समोरच राहणारा सोमनाथ शेटे हा विमा एजंट. कोथिंबीर आणायला जातानाही त्याच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग असे. कोथिंबीरवाल्याचा विमा उतरवायचा राहू नये म्हणून.

“त्या शेट्याच्या यंत्रावर माझी बायको वाचणार? अजिबात नाही.”

“मग नवा घेऊ.”

“तत्त्वात बसत नाही.”

घरात एखाद्या गोष्टीला पैसे नसले की पोतनीसांकडे ती तत्त्वात बसत नसे. गच्चीला पत्रा टाकणं, महाबळेश्वरला जाणं आणि नवा फ्रीज घेणं या गोष्टी वर्षानुवर्षं तत्त्वातच अडकून पडल्या होत्या.

शिवाय इंद्रजितरावांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एका तरण्या माणसानं जुन्या कॉम्प्युटरमध्ये रॅमची एक पट्टी खटकन बसवली आणि तो कॉम्प्युटर लगेच धावायला लागला. रॅम म्हणजे कॉम्प्युटरची तात्पुरती स्मरणशक्ती, असं त्यांनी सुलूताईंना समजावून सांगितलं. ती जुनीसुद्धा चालते. कुणीतरी टाकून दिलेल्या यंत्रातली काढायची आणि आपल्यात बसवायची.

त्यांनी आतल्या दोन पट्ट्यांपैकी एक ओढून काढली. ब्लाऊजपीसला मॅचिंग अस्तर आणायला बायका जसा कापडाचा तुकडा नेतात, तशी ती नमुना म्हणून चष्म्याच्या डबीत ठेवली. चष्मा त्यामुळे खिशात सुटा राहिला आणि वाकला, पण मोठ्या कामात असं होतंच.

“मी येईपर्यंत याला हात लावायचा नाही,” त्यांनी टेबलाकडे बोट करून बजावलं आणि त्याच्यावर जुनी चादर घातली. जेवण मग पोतनीसांच्या घरी जमिनीवर बसून व्हायला लागलं.

सल्ला मात्र शेवटी सोमनाथचाच आला. मागितला नव्हता, पण सोमनाथकडे विमा आणि सल्ला या दोन्ही गोष्टी कुणी मागायची वाट बघत नसत.

“साहेब, मार्गासनीच्या बाजूला एक पतसंस्था आहे. माझी तिथं ऊठबस असते. त्यांनी सगळे नवीन कॉम्प्युटर घेतले, जुने खोलीत पडलेत. एक पट्टी काय, फुकट देतील. नुसतं माझं नाव सांगा.”

इंद्रजितरावांनी गुरुवारी रजा टाकली, एसटी बदलत पतसंस्था गाठली आणि सोमनाथचं नाव सांगितलं. टेबलामागच्या व्यवस्थापक माधुरी मॅडम यांच्या चेहऱ्यावर त्या नावानं काहीही झालं नाही. नीटनेटक्या, हसतमुख, वयानं लहान. वागायला इतक्या नम्र की त्यांच्याशी भांडायचं म्हटलं तरी आधी धन्यवाद द्यावे लागले असते.

“एक रॅम हवी होती. जुन्यातली.”

“सुटी देता येत नाही, सर. संस्थेची मालमत्ता आहे.”

“पण ती पडून आहे ना?”

“पडून असली तरी मालमत्ताच, सर. किंबहुना पडून असलेलीच जास्त सांभाळावी लागते.”

हे वाक्य इंद्रजितरावांना इतकं आवडलं की ते आपल्याविरुद्ध वापरलं गेलंय हे कळायला त्यांना जरा वेळ लागला. सगळी नोकरी त्यांनी टेबलाच्या पलीकडे बसून काढली होती. अलीकडून टेबल कसं दिसतं, हे ते आज प्रथमच बघत होते. ते बरंच उंच दिसत होतं.

माधुरी मॅडमनी मग सगळं समजावून सांगितलं. जुन्या सामानाचं निर्लेखन झालंय, म्हणजे संस्थेच्या दृष्टीनं त्याला आता किंमत नाही. पण किंमत नसलेली वस्तूही लिलावानंच विकावी लागते. लिलाव शनिवारी सकाळी. लॉट एकच. कमीत कमी तीन बोलीदार हवेत. आणि बोली लावण्यासाठी अर्ज हवा.

अर्ज हा शब्द ऐकल्यावर इंद्रजितरावांना जरा धीर आला. निदान या प्रांतात तरी कुणी त्यांचा हात धरणार नव्हतं. त्यांनी तिथंच बसून एक देखणा अर्ज लिहिला. समास सोडलेला, विषय अधोरेखित, ‘कळावे’च्या पुढं योग्य तेवढी नम्रता. माधुरी मॅडमनी तो वाचला आणि हळूच परत सरकवला.

“तालुका वेल्हे लिहिलंय, सर. आता राजगड लिहावं लागतं. नाव बदललंय.”

“अहो, मी आत्ता ज्या एसटीनं आलो तिच्या पाटीवर वेल्हेच आहे!”

“बरोबर आहे, सर. पण एसटी आमच्याकडे अर्ज करत नाही.”

इंद्रजितरावांनी अर्ज पुन्हा लिहिला. या खेपेला समास जरा कमी सोडला, निषेध म्हणून.

शनिवारी सकाळी ते हजर झाले. येताना सोमनाथला त्याच्या मोटारसायकलसकट घेऊन आले होते, कारण बोलीदार तीन हवे होते. त्याला वाटेत चारदा पढवलं होतं की एकदाच बोलायचं, कमी बोलायचं, आणि गप्प बसायचं. तिसरा बोलीदार मात्र काही केल्या मिळेना. शेवटी पतसंस्थेच्या दारात एक टेम्पो उभा होता, त्याचा मालक सोनबा यालाच त्यांनी गाठलं. सोनबा पासलीचा. तांदळाची पोती घेऊन भोरला निघाला होता आणि वाटेत हप्ता भरायला थांबला होता. पन्नाशीचा, पिकल्या मिशांचा, शांत माणूस.

“मला काय बोलायचं त्ये सांगा,” सोनबा म्हणाला.

“काहीही बोला. फक्त कमी बोला.”

“त्ये जमंल. घरी बी कमीच बोलतो म्या.”

इंद्रजितरावांनी दोघांचेही अर्ज तिथंच लिहून दिले आणि लिलाव सुरू झाला. सोनबानं ठरल्याप्रमाणं सगळ्यात कमी आकडा सांगितला आणि तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसला. सोमनाथनं त्याच्या वर बोली लावली, इंद्रजितरावांनी सोमनाथच्या वर. इथं सगळं संपायला हवं होतं. पण लिलाव हा प्रकार डोक्यात जातो. त्यातून समोर माधुरी मॅडम ‘आणखी कुणी?’ असं इतक्या गोड आवाजात विचारत होत्या की गप्प राहणं असभ्यपणाचं वाटावं. सोमनाथच्या तोंडून आणखी एक आकडा निघून गेला.

इंद्रजितरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की एखादा विमाच परिपक्व व्हावा. सोमनाथ ओशाळला. पण तोवर इंद्रजितरावांनाही चेव आला होता. शेट्यापुढं माघार? त्यांनी वाढवलं. सोमनाथला वाटलं, साहेब आपल्याला खुणावतायत. त्यानं पुन्हा वाढवलं. आकडे असे चढायला लागले की बाहेरची माणसं आत डोकावून बघायला लागली. आत नक्की काय विकतायत, जमीन का?

“अवो, बास करा की आता,” शेवटी सोनबाच मध्ये पडला. “तुमी दोगं येकाच फटफटीवर आलासा. तिसरा म्या, आन् मला यातलं काय बी नको हाय. भांडताय कुणासंगं?”

सोमनाथ भानावर आला. लॉट इंद्रजितरावांच्या नावावर सुटला. गिझरसाठी बाजूला ठेवलेली रक्कम त्यांनी टेबलावर ठेवली आणि मनातल्या मनात गिझर तत्त्वात बसत नाही असं ठरवून टाकलं.

मग मागची खोली उघडली, आणि लॉट म्हणजे काय ते त्यांना दिसलं. कॉम्प्युटरचा ढीग होता. त्याशिवाय एक प्रिंटर, नोटा मोजायचं एक यंत्र, एक चाक नसलेली खुर्ची, ‘तुमचा विश्वास, आमची जबाबदारी’ असा भलामोठा फलक, आणि एक लाल रंगाची पेटी. पेटीवर भोंगा बसवलेला होता. प्रत्येक वस्तूवर ठळक लाल अक्षरात पतसंस्थेचं नाव रंगवलेलं.

“मॅडम, मला फक्त रॅम हवी आहे.”

“रॅम लॉटमध्येच आहे, सर. सगळं न्यावं लागेल. एकही वस्तू मागे राहिली तर लॉट अपूर्ण राहतो.”

“आणि पावती?”

“पावती तयार आहे, फक्त अध्यक्षांची सही राहिलीय. ते लग्नाला गेलेत. सोमवारी घेऊन जा.”

सोनबाच्या टेम्पोत पोत्यांच्या वर आणि मध्ये लॉट चढवला. फलक कुठंच मावेना, म्हणून तो पुढच्या काचेच्या वर बांधला. सोमनाथ ‘पुढं जाऊन जागा करून ठेवतो’ म्हणून मोटारसायकलवर निघून गेला. आपल्या माथ्यावर विश्वास आणि जबाबदारी मिरवत टेम्पो भोरच्या वाटेला लागला.

नसरापूरला सोनबा चहाला थांबला, तेव्हा इंद्रजितरावांना राहवेना. ते मागं चढले, एका कॉम्प्युटरचा पत्रा काढला, आतली रॅम काढली आणि चष्म्याच्या डबीतला नमुना तिच्याशेजारी धरला. लांबी एकच. रंगही तोच. पण रॅमच्या पट्टीला खाली एक खाच असते, आणि ती खाच योग्य जागी असेल तरच ती बसते. नमुन्याची खाच एका जागी होती आणि लॉटची खाच तिच्यापासून जराशी बाजूला. त्यांनी दुसरा कॉम्प्युटर उघडला. तीच खाच, तीच बाजू. तिसरा उघडला. संस्थेनं सगळे कॉम्प्युटर एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकसारखे घेतले होते. अशी शिस्त त्यांनी आयुष्यभर वाखाणली होती.

पट्टी उलटी करून पाहिली. उलटीही तशीच न बसणारी होती.

“बसली का?” सोनबानं खालून विचारलं.

“बसेल.”

“आन् न्हाई बसली तर?”

इंद्रजितरावांनी नमुना पुन्हा डबीत ठेवला. चहा मात्र पुरता पिऊन टाकला. दिवसभरात त्यांच्या मनासारखी झालेली गोष्ट ती एवढीच.

पुढं भोरपर्यंत त्यांच्या मनात सुलूताईंना काय सांगायचं याची जुळवाजुळव चालली होती. ‘तांत्रिक अडचण’ हा शब्द त्यांना बरा वाटत होता. त्यात कुणाचाच दोष दिसत नाही.

दुपारी टेम्पो भोरच्या चौपाटीजवळ, म्हणजे गावातल्या गजबजलेल्या चौकाजवळ आला. गतिरोधकावरून उडी बसली, वरचं एक पोतं घसरलं आणि थेट लाल पेटीवर जाऊन बसलं.

ती पेटी म्हणजे पतसंस्थेचा दरोड्याचा सायरन होता. इतकी वर्षं तो भिंतीवर बसून दरोड्याची वाट पाहत होता आणि कुणी आलं नव्हतं. आतली बॅटरी अजून जिवंत होती. सगळी तुंबलेली हौस त्यानं भर चौपाटीत फेडून घेतली.

हॉटेलातले लोक भजी हातात घेऊन बाहेर आले. एक म्हैस रस्ता सोडून औषधाच्या दुकानात शिरायला निघाली. सोनबा टेम्पो थांबवून कानात बोटं घालून उतरला. इंद्रजितराव मागं चढून सायरनवर एक पोतं टाकू लागले, त्यानं आवाज कमी झाला नाही, फक्त घोगरा झाला. गर्दीतून वाट काढत हवालदार येऊन पोचले तेव्हा त्यांना दिसलं ते असं: टेम्पोभर कॉम्प्युटर, सगळ्यांवर पतसंस्थेचं नाव. नोटा मोजायचं यंत्र. बोंबलणारा सायरन. आणि त्या सायरनचं तोंड दाबणारा एक चष्मा वाकलेला इसम.

“कुठली फोडली?” हवालदारांनी ओरडून विचारलं.

“काय?”

“पतसंस्था! कुठली फोडली?”

“मी अधीक्षक आहे!” इंद्रजितरावांनीही ओरडून सांगितलं. त्या गोंगाटात तो गुन्ह्याचा कबुलीजबाबच वाटला.

शेवटी सोनबानं जॅकचा दांडा आणला आणि सायरनच्या टाळक्यात एकच घातला. एकदम शांतता झाली. इतकी, की ‘अहो, हे पोतनीस ना?’ असं गर्दीतलं कुणीतरी हळू म्हणालं तेसुद्धा चौपाटीभर ऐकू गेलं.

त्याच वेळी सोमनाथ समोरच्या बाजूला मोटारसायकलवर होता, हे इंद्रजितरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सोमनाथनं त्यांना पाहिलं, हवालदारांना पाहिलं आणि गाडी वळवली. ‘मदत आणायला गेलो होतो,’ असं तो नंतर म्हणाला.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी पावती मागितली.

“सोमवारी मिळणार आहे.”

“वा! म्हणजे चोरी शनिवारी, पावती सोमवारी.”

माधुरी मॅडमना फोन लावण्यात आला, स्पीकरवर.

“हो, पोतनीस सरांना मी ओळखते. बोली त्यांचीच होती,” मॅडम म्हणाल्या. इंद्रजितरावांचा जीव भांड्यात पडला. “पण अध्यक्षांची सही होईपर्यंत माल संस्थेचाच आहे.”

जीव भांड्यातून पुन्हा बाहेर आला.

“म्हणजे यांनी तो चोरलाय?” हवालदारांनी विचारलं.

“असं मी म्हणणार नाही, साहेब.”

“मग विकत घेतलाय?”

“विक्री पूर्ण झाली, असंही मी म्हणणार नाही.”

इंद्रजितराव ते ऐकत राहिले. कसलेल्या गवयानं दुसऱ्याची तान ऐकावी, तसं. त्यांच्या स्वतःच्या कार्यालयातही यापेक्षा चोख उत्तर कुणाला देता आलं नसतं. फरक इतकाच, की तिथं ते ऐकणारा माणूस दुसरा कुणीतरी असे.

अध्यक्षांचा फोन लागेना, ते वरातीत असावेत. सोनबा बाकावर बसून होता. “म्या नुसता कमी बोललो होतो,” एवढंच तो अधूनमधून म्हणत होता. इंद्रजितराव दाराकडे बघत होते. सोमनाथनं घरी कळवलंच असणार. सुलू घाबरली असेल, धावत येईल. आल्यावर तिला आधी धीर द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. पण सुलू येईना. चहा आला, कपबश्या परत गेल्या, हवालदारांची जांभई देऊन झाली.

सुलूताई आल्या त्या उन्हं कलल्यावर. घाबरलेल्या अजिबात दिसत नव्हत्या. चांगलं पातळ नेसलेल्या, हातात डबा, मागं सोमनाथ. चेहऱ्यावर अशी काही झळाळी होती की हवालदारही उठून उभे राहिले.

“एवढा उशीर?” इंद्रजितरावांनी विचारलं. धीर द्यायचं राहूनच गेलं.

“नमुना पाठवत होते. आत्ता पाठवून आले. शेवटपर्यंत झालं, एकदाही न थांबता!”

“कुणाच्या लॅपटॉपवर?” त्यांनी सोमनाथकडे जळजळीत पाहिलं.

“आपल्याच कॉम्प्युटरवर. चादर काढली, पत्रा लावला, तारा जोडल्या. तुम्ही ती पट्टी काढून नेलीत ना, आता तो एकदाही अडकत नाही हो. चालूसुद्धा पटकन होतो.”

इंद्रजितरावांचा हात खिशातल्या चष्म्याच्या डबीकडे गेला.

“तीच खराब असणार!” सोमनाथ उत्साहानं म्हणाला. “खराब पट्टी आत असली की मशीन सारखं अडकतं. काढून टाकली की सुरळीत. मी हेच सांगणार होतो.”

“म्हणजे तो बिघाड यांच्या खिशात होता,” हवालदार म्हणाले. मग त्यांनी खिडकीतून बाहेर उभ्या टेम्पोकडे पाहिलं. “आणि मग हे सगळं कशाला आणलं?”

सोनबानं कॅलेंडर शोधायला भिंतीकडे पाहिलं.

“पण सुलू, मला इथं आणलंय हे तुला कळलं होतं ना?”

“कळलं होतं. सोमनाथराव आले होते सांगायला.”

सोमनाथनं पुढं कित्येक दिवस हा प्रसंग गल्लीत रंगवून सांगितला. तो धापा टाकत गेला आणि म्हणाला, ‘वहिनी, साहेबांना पोलिसांनी नेलंय!’ त्यावर वहिनींनी पदराला हात पुसत विचारलं, ‘लगेच सोडतील का?’ तो म्हणाला, ‘छे, वेळ लागेल.’ तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘किती? तासभर तरी?’ आणि त्यानं मान हलवल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. आतून कडीसुद्धा.

वरात संपल्यावर अध्यक्षांचा फोन लागला. बँडच्या आवाजात त्यांनी तीनदा ‘हो हो हो’ म्हटलं, आणि सगळे सुटले. लॉट रात्रभर ठाण्यात ठेवता येण्यासारखा नसल्यामुळं संध्याकाळीच पोतनीसांच्या पडवीत उतरवला गेला. पतसंस्थेचा फलक भिंतीला टेकवून ठेवला, तेव्हा दोन म्हाताऱ्या मुदत ठेवीचा दर विचारून गेल्या.

पुढच्या आठवड्यात पतसंस्थेचं पत्र आलं. बोलीदार आणि मालाचा वाहतूकदार ही एकच व्यक्ती असल्याचं निदर्शनास आल्यामुळं लिलाव रद्द करण्यात येत आहे. तरी सदर लॉट स्वखर्चानं परत करावा. सायरन चालू स्थितीत असावा.

इंद्रजितरावांनी ते पत्र दोनदा वाचलं. त्यात एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती. या गोष्टीचं त्यांना सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून ते सुट्टीच्या दिवशी पडवीत बसून सायरन दुरुस्त करतात. चाचणी घ्यायला मात्र त्यांना नदीकाठी जावं लागतं, कारण संस्थेनं सुलूताईंची निवड केली आणि आता रोज दुपारी घरात वाचन चालतं. दार आतून लावलेलं असतं. कुणी विचारलंच तर इंद्रजितराव गंभीरपणे सांगतात, “आत ध्वनिमुद्रण चालू आहे. तांत्रिक बाजू माझ्याकडे आहे.”

सुलूताईंचं पहिलं पुस्तक पुरं झाल्यावर महिन्याभरानं एका संध्याकाळी फोन वाजला. सुलूताई देवापाशी होत्या, म्हणून इंद्रजितरावांनी घेतला. भोंगवलीहून कुमार नावाच्या एका श्रोत्याचा फोन होता. जन्मापासून दिसत नाही, गावात पिठाची गिरणी चालवतो, संस्थेला विनंती करून ताईंचा नंबर घेतलाय, एवढं त्यानं आदबीनं सांगितलं. “ताईंचं पुस्तक ऐकलं. दोनदा ऐकलं. त्यांच्याशी बोलायचं हुतं.”

“बोला ना, त्यांचे यजमानच बोलतोय,” इंद्रजितराव खुर्चीत सरसावून बसले. “आवाज इतका स्वच्छ कसा आला, हाच प्रश्न असेल ना तुमचा? त्याचं काय आहे, यंत्रात मुळात दोन पट्ट्या होत्या. आता सर्वसामान्य माणूस म्हणेल, आणखी एक घाला. पण मी म्हटलं, थांबा. आधी निदान करू. म्हणून मी स्वतः त्यातली नेमकी सदोष पट्टी हुडकून वेगळी केली...” तिथून ते रॅमच्या खाचेवर आले, खाचेवरून निर्लेखनाच्या नियमावर, नियमावरून तालुक्याच्या नावावर, आणि टेम्पो नसरापूरला पोचला तेव्हा सुलूताईंची आरती संपून त्या निरांजन घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

पलीकडून कुमार सगळं निमूट ऐकत होता. शेवटी तो खाकरला.

“साहेब, रागावनार नसला तर येक इचारू?”

“विचारा की! निःसंकोच.”

“संस्थेच्या पुस्तकाला आवाज पळवायचं बटण आसतंय. दीडपट करा, दुप्पट करा, लई येळ वाचतो. तुमचं कुठं दाबायचं?”

इंद्रजितरावांनी फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे पाहिलं आणि तो सुलूताईंच्या हातात दिला. मग ते पडवीत सायरनपाशी जाऊन बसले. आतून आधी नुसतं ‘काय म्हणालात?’ असं ऐकू आलं. मग सुलूताईंचं हसणं सुरू झालं. ते बराच वेळ चाललं होतं, आणि त्यांना ते संपवायची अजिबात घाई दिसत नव्हती.